गीतांजलीच्या ट्रकला दोन कार्डं

बायकोला मदत करायची, असं मी ठरवलं. (लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हे आधी कधी ठरवलं नाही, म्हणूनच संसार टिकला असावा.)

गीतांजली अकोल्याच्या आमच्या घरी कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम खेळते आणि तो लोकांना लाइव्ह दाखवते. ट्रक हाकता हाकता अस्सल वऱ्हाडीत गप्पाही मारते. वर्षभर मी त्याला 'टाइमपास' म्हणत आलो. मग एकदा पाहिलं, तर दीडशे माणसं तिचं ऐकत होती. माझं घरात कोणी ऐकत नाही, आणि घरात आम्ही दोघंच! मला माझीच लाज वाटली.

तिचं चित्र अधूनमधून जरा अडखळायचं. ती माहेरी दर्यापूरला गेली, तसा मी दिवाणातला जुना कॉम्प्युटर काढला. त्याचं पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड उपटून तिच्या कॉम्प्युटरमध्ये नव्या कार्डाशेजारी खोचलं. एका बैलापेक्षा दोन बरे! मॉनिटरची वायर निघाली होती, ती दिसेल त्या भोकात लावली. लाइव्ह दाखवायचं काम जुन्या कार्डाकडे दिलं. पडदा उजळला. मी कोणाला काही बोललो नाही.

ती परत आली. रविवारी दुपारी गेममधला घाट चढणार होती. तीनशे लोक आले. दर्यापूरला सासरे किसनराव चार पाहुणे गोळा करून मोबाइलसमोर बसले. लेकीचा हा उद्योग ते पहिल्यांदाच पाहत होते.

ट्रक निघाला आणि सेकंदाला साठ फ्रेमचा, म्हणजे साठ चित्रांचा, आकडा नऊवर आला. टोलनाक्यावर दिसलेला ट्रक पुढच्या चित्रात थेट नदीत!

"ताई, ट्रक चालवून राहिल्या का फोटो दाखवून राहिल्या?" लोक लिहू लागले.

तेवढ्यात किसनरावांचा फोन. "बाई, जमत नसन तं राहू दे. मानसं बसली आहेत माह्याजवळ."

तिनं सगळं बंद केलं, कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि पोळ्या लाटायला गेली. 'मी केलं' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या शेखरला घरी आणलं. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला.

"गेम नव्या कार्डावर, वायर जुन्याले, लाइव्हबी जुन्यावर. एकेक चित्र या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन राहिलं. आपल्या फायलीवानी!"

"जुनं कोनं लावलं?" गीतांजलीनं विचारलं.

"मी," मी म्हणालो. "तुले मदत म्हणून..."

"मंग काल काहून नाई सांगितलं? मले रातभर वाटलं, मलेच जमत नाई."

शेखरनं जुनं कार्ड काढलं, वायर नव्याला लावली, गेमला साठ फ्रेमच्या वर जाऊ नको असं बजावलं. गाडी रुळावर आली.

"माफ कर," मी म्हणालो.

"इथं नोका सांगू. माही इज्जत जिथं गेली, तिथं सांगा."

पुढच्या रविवारी ट्रक लोण्यासारखा घाट चढला. वर थांबून तिनं कॅमेरा माझ्याकडे वळवला. आठ दिवस पाठ केलेलं भाषण होतं. तीनशे लोक, त्यात सासरे. माझं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पापणीही हलेना.

"ताई, पुन्हा अटकलं," कोणी लिहिलं. "इंजिनाचा आवाज येऊन राहिला, चित्र थांबलं."

गीतांजलीनं ते वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "नाई जी, चित्र बराबर आहे. हे असेच आहेत."