शास्त्रशुद्ध राखेचं पाणी

एका जंगलात, मुलांनो, माद्यांना कसलाच आजार नव्हता. त्यांना फक्त 'तसलं' व्हायचं.

खाज सुटली, तसलं. जळजळ झाली, तसलं. अंगावरून पांढरं गेलं, वास आला, ओटीपोटात दुखलं, सगळं तसलंच. इतक्या दुखण्यांना एका शब्दात भागवणारं ते जंगल मोठं काटकसरी होतं. उपायही एकच होता. वणव्याची राख पाण्यात कालवायची आणि त्या पाण्याने आतून धुवायचं. बरं वाटलं नाही तर आणखी धुवायचं.

राखेचं कुंड गोदाक्का वानरीण सांभाळायची. तिथे सगळ्या माद्यांना प्रवेश होता. फक्त तरशिणीला नव्हता, कारण ती मेलेलं खाते.

अशा जंगलात साळू परत आली. साळू म्हणजे तरुण साळिंदर, सात नद्यांपलीकडे शिकलेली. तिच्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि जंगल सुधारायची घाई होती. वाटेत तिने एक भाषणही पाठ केलं होतं.

पहिली आली केतकी चितळीण. तिने भाषण ऐकलं नाही. आधी मागेपुढे बघितलं.

"साळूताई, माझ्या एका मैत्रिणीला तसलं होतंय."

"कुठल्या मैत्रिणीला?"

"आहे एक. माझ्याच अंगलटीची."

"काय होतंय तिला?"

"वास येतो. सडक्या मासळीसारखा. रोज कुंडावर जाते, तरी वाढतोच आहे." केतकीचा आवाज बारीक झाला. "आता कळप नदीकडे निघेल. शिंगाडेराव म्हणालेत, वासाने वाघ मागे लागतो, तेव्हा वासवालीने सगळ्यांच्या मागून चालायचं."

शिंगाडेराव म्हणजे कळपाचा म्होरक्या. आणि सगळ्यांच्या मागून चालणारीचं काय होतं, ते चितळाच्या पाडसालाही ठाऊक असतं.

साळूचे काटे उभे राहिले. तिने सावरीच्या कापसाचे बोळे केले आणि जंगलभर माद्यांकडे नमुने मागितले. उजेडी कुणी फिरकलं नाही. तिन्हीसांजेला मात्र रांग लागली. प्रत्येक मादी शेजारणीचा नमुना घेऊन आली होती.

तरशीण तेवढी भर दुपारी आली, स्वतःचा घेऊन.

"तुला लाज नाही वाटली?" साळूने कौतुकाने विचारलं.

"लाजायला आधी चारचौघींत बसावं लागतं गं," तरशीण म्हणाली.

साळूने भिंगातून पाहिलं. तरशिणीच्या नमुन्यात बारीक काड्यांसारख्या जिवांची दाट वस्ती होती. दह्यात असतात त्यांचेच भाऊबंद. ते जागा आंबट ठेवतात आणि त्या आंबटपणात उपद्रवी जीव तग धरत नाहीत. कुंडावर जाणाऱ्या माद्यांमध्ये ही वस्ती उठली होती. राखेने आंबटपणा मारला, पहारेकरी गेले आणि भलतेच भाडेकरू घुसले. केतकीकडे तर त्यांची जत्रा भरली होती. अस्वलिणीची खाज निराळी निघाली, बुरशीची. आणि भेकरीला काहीच झालेलं नव्हतं. तिचं पांढरं जाणं हे धडधाकट मादीचं होतं. तीही बिचारी धूत होती.

साळूने केतकीला औषध दिलं आणि कुंडावर जाणं बंद करायला लावलं. वास गेला.

"साळूताई, मी बरी झाले!" केतकी उड्या मारत म्हणाली. मग जीभ चावली. "म्हणजे, मैत्रीण."

साळू धावत जंगलाच्या सभेत गेली. गवा अध्यक्ष होता. शेजारी शिंगाडेराव होते. बाकीचेही सगळे नरच होते. विषय माद्यांचा असल्यामुळे, त्यांना संकोच वाटू नये म्हणून, त्यांना बोलावलं नव्हतं.

"योनीमध्ये," साळूने सुरुवात केली.

गव्याला ठसका लागला. "बाळ, ती जागा म्हण."

"कुठली जागा?"

"तीच. शिकलेली आहेस, समजून घे."

"बरं. त्या जागेत असंख्य जीव राहतात. आणि राखेच्या पाण्याने ते सगळे मरतात!"

"सगळे?" बाहेरच्या झाडावरून गोदाक्का ओरडली.

"सगळे!" साळू म्हणाली. "पण त्यातले चांगले..."

पुढचं टाळ्यांमध्ये कुणाला ऐकू आलं नाही.

सकाळी कुंडावर पाटी लागली: 'शास्त्रशुद्ध राखेचं पाणी. सर्व जिवांचा नाश. परदेशी शिकलेल्या साळूताईंनी सिद्ध केलेलं.' पाण्यात केवडाही घातला होता. ज्यांना आजवर काही झालं नव्हतं, त्याही रांगेत उभ्या राहिल्या.

"अगं, ते जीव मारू नका!" साळू पाटीसमोर घसा फोडत होती. "ते आपले आहेत!"

"किती विनयी पोर," गोदाक्का म्हणाली. "स्वतःच्या शोधाचं कौतुक सोसवत नाही तिला."

कळप निघायचा दिवस आला. केतकी म्होरक्यासमोर उभी राहिली. "शिंगाडेराव, आता वास नाही. हुंगून बघा."

शिंगाडेरावांनी लांबूनच हुंगलं. "नाही खरा. पण तू राख सोडलीस म्हणे. म्हणजे अशुद्धच. मागे चल."

"आणि धुतलं तर?"

"तर मध्ये चल."

केतकीने साळूकडे पाहिलं. साळूला पाठ केलेल्या भाषणात यावर एकही वाक्य सापडेना. धू म्हणावं तर दुखणं, नको म्हणावं तर वाघ.

"राहू दे साळूताई," केतकीच म्हणाली. "ती जळजळ परत नको. वाघ निदान एकदाच खातो." आणि ती मागे जाऊन उभी राहिली.

कळप निघाला. मध्ये सगळ्या धुतलेल्या माद्या आणि त्यांच्याही मधोमध, सुरक्षेसाठी, शिंगाडेराव. एव्हाना त्या मध्याला असा वास सुटला होता की केवड्यानेही हात टेकले होते. वाघाला शोधावं लागलंच नाही. तो डोळे मिटून थेट मध्यावर आला, आणि जे शिंग आधी लागलं ते धरून घेऊन गेला. मागची केतकी मागच्या मागे पळाली आणि वाचली.

सभेने शोक व्यक्त केला. कारणही शोधलं. "पाण्यात राख कमी पडली," गवा म्हणाला. शिंगाडेरावांच्या स्मरणार्थ दुसरं कुंड बांधायचं ठरलं. उद्घाटनाला साळूला बोलावलं, प्रमुख पाहुणी म्हणून.

तात्पर्य : मुलींनो, खाज, जळजळ, वास, काहीही झालं तरी कुणाला सांगू नका, कुणाला दाखवू नका, भरपूर धुवा. वाघालाही पोट असतं.