गायकवाडकाकांचा ‘उं’

गायकवाडकाका जिन्यात भेटले की तुम्हाला ‘उं’ धरावा लागतो. नमस्कार वगैरे नंतर. “सर, एक मिनिट. ‘उं’ धरा.” तुम्ही नाकातून लांबलचक ‘उं’ धरायचा आणि त्यावर काका एक चाल गुणगुणणार. गेल्या वर्षी ठाण्यात एका मैदानावर त्यांनी बाहेरगावच्या बँडचं बॅगपाइपवादन ऐकलं, तेव्हापासून हे सुरू झालं. चाल डोक्यात बसली, नाव काही कळलं नाही. बॅगपाइपमध्ये काखेतल्या पिशवीच्या जोरावर एक सूर सारखा चालू असतो, म्हणून आपला ‘उं’. दम संपला की काका हात झटकतात, “पिशवी फुटली! पुन्हा.”

काका कोलशेतच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. नट बसल्याशिवाय उठायचं नाही, ही जन्माची सवय. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीत त्यांनी कोणालाच सोडलं नाही. इस्त्रीवाला, गॅसवाला, पाण्याचा पंप दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळ्यांनी ‘उं’ धरला. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरींनी काकांची चाल मोबाइलला ऐकवली, तर मोबाइलने डोहाळजेवणाचं गाणं दाखवलं. काका मुळातच बेसूर, त्याला मोबाइल तरी काय करणार!

मी सोसायटीच्या गायनस्पर्धेचा कायमचा परीक्षक. त्यामुळे काकांचा माझ्यावर फार भरवसा. “सर, तुम्हाला येणारच. तुम्ही जाणकार.” आता ‘माहीत नाही’ एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. एका सकाळी हातात दुधाची पिशवी, ऑफिसची घाई आणि समोर काका. मी ठोकून दिलं, “हां हां, ‘शेफर्ड्स ब्रिज’. स्कॉटलंडकडची जुनी चाल आहे.” काकांनी खिशातून डायरी काढून नाव लिहून घेतलं. स्पेलिंगही मीच सांगितलं. त्यानंतर त्यांनी मला कधी अडवलं नाही आणि मी सुटलो म्हणून खूश होतो.

या जानेवारीत तोच बँड पुन्हा ठाण्यात आला. दुसऱ्या दिवशी मी सोसायटीची नोटीस द्यायला काकांच्या घरी गेलो. खाटेवर कमलकाकू बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला, हे आम्हाला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

“गेल्या वर्षी मैदानावर त्या चालीला हिची बोटं हललेली, सर,” काका म्हणाले. “उजव्या हाताची. मांडीवर ठेका धरल्यासारखी. घरी आल्यावर मी गुणगुणून बघितलं, पण माझ्या गळ्याला कोण दाद देणार? म्हटलं, नाव मिळालं की खरी चाल रोज लावू.”

मोबाइलवर त्या नावाचं काहीच सापडलं नाही, म्हणून आदल्या दिवशी ते काकूंना रिक्षाने थेट ठाण्याला घेऊन गेले होते. फर्माइशीची चिठ्ठी दिली. बँडमास्तरांनी ती माइकवर वाचली, या नावाची चाल कधी ऐकली नाही म्हणाले, आणि लोक हसले.

“आधी ठरवलेलं, त्यांच्यासमोर गुणगुणायचं. त्यांना कळलं असतं. पण तुम्ही नाव दिलेलं ना, मग म्हटलं, भर मैदानात कशाला बेसूर गा. ही शेवटपर्यंत हात मांडीवर घेऊन बसलेली.” मग म्हणाले, “लिहून घेताना माझंच काहीतरी चुकलं असेल.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“काका, मी थाप मारली. ती चाल मला माहीतच नव्हती.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काकूंचा उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

“असू दे. आता आलाच आहात, तर ‘उं’ धरा.”

मी धरला. काका गुणगुणू लागले. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. बोटं हलली नाहीत. मध्येच माझा दम संपला आणि सूर तुटला.

काका ‘पिशवी फुटली’ म्हणाले नाहीत. मी श्वास घेईपर्यंत ते चालीत होते तिथेच थांबून राहिले.