ज्योतिबा आबांचा दुसरा भाग

ज्योतिबा आबांच्या दशक्रियेला कावळा शिवत नव्हता, आणि त्याला कारण आपणच आहोत या भीतीनं मोनाली बायकांच्या अगदी मागच्या ओळीत जाऊन उभी राहिली होती.

गावच्या वाचनालयात ती एकटी. ग्रंथपाल ती, शिपाई ती, पंखे पुसणारीही तीच. त्यामुळे चूक झाली तर ती कुणाची, हा प्रश्न तिथं कधी पडायचा नाही. आबा रोज पेपर वाचायला यायचे. एकदा त्यांनी दोन भागांच्या एका खूनकथेचा पहिला भाग नेला, परत आणला, आणि तेव्हापासून ते दुसरा मागत होते. दुसरा भाग वाचनालयाचे अध्यक्ष हौसराव घेऊन गेले होते. अध्यक्षांकडून पुस्तक परत मागायची वाचनालयात पद्धत नव्हती. म्हणून मोनाली आबांना सांगायची की बायंडिंगला गेलंय, येईल. आबा मान हलवून पेपर उघडायचे. मग एक दिवस ते आलेच नाहीत. तेव्हापासून त्यांच्या खुर्चीखाली झाडताना ती वर बघत नसे.

गावाजवळच्या वेळ नदीच्या घाटावर प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड ठेवला गेला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. आबांच्या मुलानं, भारतनं, हात जोडून सांगितलं की बहिणीला कधी अंतर देणार नाही. कावळ्यांनी ते ऐकून घेतलं. कुणी तंबाखूची पुडी ठेवली, कुणी तळेगावच्या बाजारातली भेळ आणून ओतली. कंपनीत पाळीवर जाणारे उघडपणे मोबाइलमध्ये वेळ बघू लागले.

"त्यांचा जीव पुस्तकात अडकलाय," आबांची बायको मुक्ताबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण घाट शांत होता. "दुसरा भाग मागत व्हते. मिळाला न्हाई."

सगळ्या माना मागं वळल्या. मोनालीला पदर सापडेना, मग सापडला तर तो कुठं घ्यायचा ते कळेना. हौसराव भाषणासाठी आले होते, माइक अजून त्यांच्या हातातच होता. वाचनालयाच्या कारभारात असली हयगय चालणार नाही, बैठक बोलावू, गरज पडली तर दुसरं माणूस बघू, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. मोनालीची नोकरी तर जाणारच होती. पण आबांना अडवणारी बाई म्हणून एकदा नाव झालं, की तिच्या हातचं पुस्तक गावात कोण घेणार होतं?

"मॅडम, ते पुस्तक हाय कुणाकडं?" हौसरावांनी माइकवरूनच विचारलं.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते खरंच विचारत होते. पुस्तक नेल्याचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"बाहेर गेलंय, सर," ती म्हणाली.

तेव्हा पुढं बसलेल्या सर्जेराव मामांनी तोड काढली. पुस्तक राहू द्या, ग्रंथपाल बाईनं ते वाचलं असणारच, तिनं शेवट काय तो आबांना सांगून टाकावा. हे सगळ्यांना पटलं. मोनालीनं दोन्ही भागांवरची फक्त धूळ पुसली होती, पण हे आता सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. बायकांनी तिला हळूहळू पुढं सरकवलं.

ती पिंडासमोर उकिडवी बसली. कुणा डॉक्टरचा खून होतो आणि त्याच्याकडं एक कंपाउंडर असतो, एवढंच ती आबांच्या तोंडून ऐकून होती.

"आबा," ती म्हणाली, "कंपाउंडरनं मारलं. औषधातून."

कावळा उतरला. भेळेजवळ थांबून त्यानं मान वाकडी केली आणि एका डोळ्यानं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं पिंडाला चोच लावली.

घाटभर सुस्कारा फिरला. हौसराव माइकमध्ये म्हणाले, "बराब्बर. कंपाउंडरच. आत्ता ध्यानात आलं, म्या सवता वाचलाय दुसरा भाग, माझ्याच घरी हाय तो."

हे शब्द नदीपलीकडच्या उसापर्यंत गेले. भारत हौसरावांकडं बघू लागला. मुक्ताबाई सावकाश उठली.

"कंपाउंडर तर पहिल्याच भागात, डॉक्टरच्या बी आधी मेला, भाऊसाहेब," ती म्हणाली. "हिरीत पडून. म्याच वाचून दाखवला की आबास्नी."

मोनालीनं घाबरून आधी कावळ्याकडं पाहिलं. तो खात होता. हौसराव म्हणाले की ते दुसरं कुठलं पुस्तक असेल, आणि चपला शोधू लागले.

माणसं पांगली तरी मोनाली तिथंच बसून होती. मुक्ताबाई तिच्याजवळ येऊन टेकली.

"आजी, मी आबांशी खोटं बोलले," मोनाली म्हणाली. "बायंडिंगचंही खोटंच."

"कावळा शिवला न्हवं? मग गप ऱ्हा. त्यांना कुठलं पुस्तक नि काय? म्या दोन पानं वाचली की घोराय लागायचे. दुसरा भाग मला पायजे व्हता. रोज म्याच त्यांना इचारायला लावायची."

मोनाली वळून तिच्याकडं बघू लागली.

"आता मधीच घोरणारं बी कुणी न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. मग तिनं मोनालीच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठली. "चल, हौसरावाच्या घरी जाऊ. आजच्या दिवशी मला कुणी न्हाई म्हणायचं न्हाई."