'मी स्वमग्न' वेशभूषा स्पर्धेचा निकाल

कोणताही सद्गुण मुलांच्या अंगी बाणवायचा असेल तर त्याची स्पर्धा घ्यावी लागते, हे शिक्षणशास्त्रातलं सिद्ध सत्य आहे. मुख्याध्यापक शिवमूर्ती सरांनी ते स्वतःच सिद्ध केलं होतं. त्यांच्या प्राथमिक शाळेत पाणीबचतीची वेशभूषा स्पर्धा दोनदा झाली. (पहिलं बक्षीस दोन्ही वेळा टँकर झालेल्या मुलाला.) त्यानंतरही नळाला पाणी आलं नाही, पण तो काही शिक्षण खात्याचा विषय नव्हे.

दुष्काळाचं साल होतं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि सरांचं गाव नवा जिल्हा होणार, ही बातमी दर आठवड्याला नव्यानं येत होती. होऊ घातलेल्या जिल्ह्याला पाणी नसलं तरी चालतं, संवेदना मात्र हवीच. अशात वरून आदेश आला : स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या बालकांविषयी विद्यार्थ्यांत सहवेदना निर्माण करून फोटो पाठवावेत.

शाळेत असं एक बालक होतं. गिरणीवाल्या मल्लम्माची पोरगी गुरम्मा, तिसरीतली. कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे, बोललीच तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा, आणि घंटा वाजली की कानांवर हात ठेवून किंचाळायची. मल्लम्माचं मागणं फार नव्हतं. "सर, तिला दारापाशीच बसू द्या. घंटा व्हायच्या आधी कुणी खुणावलं तरी बास. तेवढ्यावर टिकतीय बघा ती शाळंत. न्हाई तर घरीच बसंल."

"बघू की. आधी कार्यक्रम होऊन जाऊ द्या," सर म्हणाले. सहवेदना निर्माण होण्याआधीच ती खर्च करणं नियमात बसत नव्हतं.

स्पर्धा ठरली. स्वमग्न मुलं कपडे कसले घालतात, यावर शिक्षकांची बैठक बसली. सलीम सरांनी "आपल्यासारखेच घालतात की" असं म्हणून बैठकीचा बराच वेळ वाया घालवला. अखेर विस्कटलेले केस आणि उलटा सदरा बहुमतानं मंजूर झाला.

त्या दिवशी ताशा होता, लाऊडस्पीकर होता, पाहुण्यांसाठी बिसलेरी होती. पंचायत समिती सभापतींच्या नातवानं उलट्या सदऱ्यात भिंतीवर डोकं आपटलं (भिंतीला उशी बांधली होती), जमिनीवर लोळण घेतली, आणि शेवटी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला. बायाबापड्यांनी डोळे पुसले. पहिलं बक्षीस.

सहभाग सगळ्यांनाच सक्तीचा, म्हणून मग गुरम्माचंही नाव पुकारलं. लाऊडस्पीकर कर्कश किंचाळला. रोजच्याच गणवेशातली गुरम्मा कानांवर हात दाबून दारापाशी गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली. परीक्षकांनी शेरा मारला : "वेशभूषा नाही. प्रेक्षकांशी संवाद नाही. भूमिकेत शिरली नाही." क्रमांक शेवटचा.

सरांचा विचार सरळ होता. जिला स्वमग्न मुलाची साधी नक्कल जमत नाही, ती स्वमग्न कशी? शिवाय आईच्या गिरणीच्या घरघरीत ती खुशाल झोपते, मग शाळेच्या घंटेनंच तिचं काय घोडं मारलंय? हा निव्वळ हट्ट. त्यातून दारापाशी विजेत्याचा मोठा फोटो लावायचा होता. गुरम्माला पहिल्या रांगेत, घंटेच्या जवळ हलवण्यात आलं.

आठवडाभर ती किंचाळली, मग यायची बंद झाली. "लई थोडं मागितलं व्हतं की ओ सर मी," मल्लम्मा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. सरांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. फोटोंबद्दल वरून अभिनंदन आल्यावर जरा बरं वाटलं.

जूनमध्ये मल्लम्मा गिरणी विकून पोरीसह लातूरला बहिणीकडे गेली. तिथं चांगली शाळा मिळाली, वर्गात शिकलेल्या, वाचणाऱ्या पालकांची मुलं मिळाली आणि दारापाशी जागाही मिळाली. काही दिवसांतच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'सहानुभूती आहेच, पण आमच्या मुलांच्या अभ्यासाचं काय?' खाली भराभर अंगठे उमटले.

शिवमूर्ती सर त्या ग्रुपवर नाहीत. तुम्ही आहात.