माझी बायको घोरत नाही!

माणसाचं मन कसं चालतं ते मला विचारा! शाळेत जीवशास्त्र शिकवतो मी. उत्क्रांतीचा धडा असा रंगवतो की मागच्या बाकावरची पोरं स्वतःच्या शेपटीची जागा चाचपून बघतात. अंधाराची भीती का वाटते, गोड का आवडतं, सगळ्याचं मूळ मी थेट गुहेत नेऊन दाखवतो. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला निघालेली बायको दारात रेंगाळत म्हणाली, "अहो, राहाल ना एकटे?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "खुशाल जा! मला निदान शांत झोप तरी लागेल!"

कारण आमची ही घोरते. आधी खरखर, मग घर्रर्र, मग जीवघेणी शांतता, आणि शेवटी फुस्स! इतकी वर्षं मी कानावर उशी दाबून झोपत आलो.

ती गेली आणि तिच्या बॅगेतून माझी झोपही गेली. नळाचा थेंब पडला तरी मी उठून बसायचो. कूस बदलली की शेजारची गार उशी हाताला लागायची आणि तिची आठवण येऊन जीव नुसता कासावीस व्हायचा. मग डोक्यात प्रकाश पडला. आपण टोळीत राहणारा प्राणी! शेजारचं माणूस निर्धास्त घोरतंय म्हणजे वाघ आसपास नाही. घोरणं थांबलं, आणि माझ्यातला गुहेतला माणूस वाघाची वाट बघत जागा बसला!

कारण कळलं, पण झोप काही आली नाही. फोनवर मात्र तोरा कायम.

"झोप लागते ना?" ती विचारायची.

"ढाराढूर! तू आणखी महिनाभर राहा!"

"बरं," ती म्हणायची. जरा हळूच.

अशातच परीक्षेचा पेपर छापायला शाळेच्या झेरॉक्सच्या खोलीत गेलो. मशीन जुनं. बटण दाबलं. खरखर. घर्रर्र. शांतता. फुस्स! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! दार लावलं, स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकवलं, आणि काय झोप लागली म्हणून सांगू! कागद संपून मशीन थांबलं की जाग यायची. मी कागद भरायचो, बटण दाबायचो, पुन्हा डोळे मिटायचो. मग रोज मधल्या सुट्टीत हाच कार्यक्रम.

एके दिवशी दारावर धाडधाड थापा पडल्या. उघडतो तो समोर मुख्याध्यापिका, मागे सगळा स्टाफ, आणि खोलीत गुडघाभर प्रश्नपत्रिका!

"सर, एवढ्या प्रती कुणासाठी? पेपर फोडताय?"

"नाही मॅडम! मी झोपत होतो! हे मशीन अगदी आमच्या हिच्यासारखं घोरतं!" मग मी गुहा, टोळी, वाघ, सगळं सांगितलं.

"वाघाला किती प्रती दिल्या?" गणिताचे सर मागून म्हणाले.

मॅडमनी माझ्याच फोनवरून बायकोला फोन लावला. तोही स्पीकरवर! "वहिनी, तुम्ही घोरता का हो?"

"मी?" पलीकडच्या आवाजाला धार चढली. "जन्मात नाही!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नोकरी जाणार हे स्पष्ट दिसत होतं. पण तिचा आवाज ऐकला आणि मला नोकरीबिकरी काही सुचेना. "अगं, घोरतेस तू!" मी ओरडलो. "आणि त्यावाचून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही! महिनाभर नको राहूस. ये ना आता!"

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग आधी का नाही बोललात?"

मॅडमनी घाईघाईने फोन माझ्या हातात दिला. "यापुढे घरी झोपा," एवढंच बजावून त्या गेल्या.

आणि ती आली! घर पुन्हा घर झालं. पण अंथरुणावर पडली ती डोळे टक्क उघडे ठेवून. "चारचौघांत मला घोरणारी ठरवलंत? आता बघाच, कशी घोरते ते!" हट्टाने जागी! आणि ती जागी, म्हणून मी जागा. शेवटी तिने अट घातली, "त्या मॅडमना सांगून या, मी घोरत नाही. तोवर मी झोपायची नाही."

गेलो. "मॅडम, माझी बायको घोरत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "मग त्या प्रश्नपत्रिका, सर?"

माझ्यावर चौकशी बसली. सगळा पेपर नव्याने काढायचा हुकूम झाला. दुपारी तोंड पाडून घरी आलो. ती अंथरुणावर टक्क जागी पडलेली.

"सांगितलंत? काय म्हणाल्या?"

"पटलं त्यांना," मी म्हणालो.

ती समाधानाने कुशीवर वळली. मीही शेजारी आडवा झालो. खरखर. घर्रर्र. शांतता...

पुढे फुस्स झालं का म्हणता? खरं सांगू? मला माहीत नाही. मी झोपलो होतो!