पाचव्या ओळीचं वर्गीकरण

कोणत्याही सुसंस्कृत समाजात माणसाने दिलेला शब्द पाळावा लागतो. तोच शब्द चालीवर म्हटला तर मात्र पाळावा लागत नाही. जगातली निम्मी लग्नं या एका सवलतीवर जमलेली आहेत. (उरलेल्या निम्म्यांना गाता येत नव्हतं.)

ही सवलत कोणाला द्यायची आणि कितव्या ओळीपर्यंत द्यायची, हे ठरवायला अलंकार वर्गीकरण कार्यालय स्थापन झालं. त्याआधी नुसता गोंधळ होता. एका गृहस्थाने भर बैठकीत "तुझ्यासाठी जीव देईन" असं गायलं, तर होणाऱ्या सासऱ्याने डायरी काढून तारीख विचारली. आता असं काही होत नाही. गाणं कार्यालयात आणायचं, टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, पाणी पिण्याच्या यंत्राशेजारी. (यंत्र बंद असतं आणि त्यावर 'चालू आहे' अशी पाटी असते. कार्यालयाने तिची नोंद 'विरोधाभास' म्हणून रीतसर केलेली आहे.)

कार्यालयाचे वर्गीकरण अधिकारी म्हणजे अलंकारसाहेब. खरं नाव सेवापुस्तकात असेल, पण ते बघायची वेळ कोणावर आली नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक सिद्धी मिळवली होती. ओळीचे पहिले चार शब्द कानावर पडले की अलंकार कोणता ते त्यांना कळायचं. पुढचं ऐकायची गरजच उरत नसे. काम असं भराभर उरकायचं की मोठ्या साहेबांनी त्यांचा दोनदा सत्कार केला, आणि दोन्ही वेळा अलंकारसाहेबांनी भाषणातले चार शब्द ऐकून टाळ्या वाजवल्या.

त्यांचे निकष आजही भिंतीवर लावलेले आहेत. 'चंद्रासारखी' म्हटलं तर साम्य किती ते दाखवावं लागतं. 'चंद्रच तू' म्हटलं की काहीच दाखवावं लागत नाही. म्हणून सल्ला विचारायला आलेल्या तरुणांना साहेब नेहमी रूपक सुचवत. 'वारा काहीतरी सांगून गेला' असं कवी म्हणाला तर वाऱ्याचा जबाब घेऊ नये. शेजारीण सांगून गेली असेल तर जरूर घ्यावा. यमकासाठी घेतलेला शब्द हे कवीचं मत समजू नये. (गेल्या वर्षी तपासलेल्या चार हजार एकशे बारा गाण्यांत जे प्रेमिक मेले, त्यांतले एकसष्ट टक्के केवळ आधीच्या ओळीत 'शरण' आल्यामुळे मेले.) आणि ध्रुवपदाविषयी: 'जाऊ नकोस' एकदा म्हटलं तर ती विनंती, चारदा म्हटलं तर सवय. सहाव्यांदा म्हटलं की ऐकणाऱ्याला ते ऐकूच येत नाही, आणि तिथून पुढे त्याला संगीत म्हणतात.

नागरिकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक नियम मुद्दाम केलेला होता. कोणत्याही तक्रारदाराला सात मिनिटं मध्ये न अडवता बोलू द्यायचं. त्यासाठी साहेबांच्या टेबलावर सात मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवलेलं असे.

एका मंगळवारी चौदा नंबरचं टोकन पुकारलं गेलं आणि समोरच्या खुर्चीत साहेबांची बायको येऊन बसली.

"तू इथे कशी?" साहेबांनी विचारलं.

"टोकन घेऊन."

"अगं, घरी बोललो असतो की."

"घरी सात मिनिटं मिळत नाहीत," ती म्हणाली.

हे अगदी खरं होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची, आणि तीन महिने झाले, साहेबांना एक गोष्ट सांगायचा प्रयत्न करत होती. अकरा वेळा तिने सुरुवात केली. "अहो, ऐका ना, आमच्या दुकानाचं..." एवढं म्हणेपर्यंत साहेबांचे चार शब्द भरलेले असत. "कळलं, कळलं," असं म्हणून ते आंघोळीला जात. काय कळलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांना काहीच कळलेलं नसे.

तिने फॉर्म पुढे केला. सोबत पुरावा म्हणून एक कविता जोडली होती. लग्नाआधी साहेब तिच्याकडे डोळे तपासून घ्यायला गेले होते, तेव्हा नंबरच्या चिठ्ठीमागे त्यांनीच ती लिहिली होती:

तुझ्या डोळ्यांत बुडाले सात समुद्र सारे,
तुझ्या उशाशी रचीन आभाळातले तारे.
तू हसलीस की दगडालाही फुटते पालवी,
तुझी एक हाक माझे सगळे दिवे मालवी.
तू बोलत राहा, मी ऐकेन बोलणं संपेपर्यंत,
तुझाच राहीन मी सूर्य थंड होईपर्यंत.

आपल्याच कवितेचं वर्गीकरण आपणच करू नये, असा नियम आहे. पण दुसरे अधिकारी तीन वर्षांपासून रजेवर होते, आणि ते नसताना हा नियमही रजेवर आहे असं समजण्याची पद्धत होती. साहेबांनी चष्मा पुसला आणि घड्याळ उलटं केलं.

"दुकानवाले दुसऱ्या गावी शाखा काढतायत," ती सांगू लागली. "ती मी सांभाळावी असं त्यांचं म्हणणं आहे. हो की नाही ते मला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. माझं मन जावं असंही म्हणतंय आणि..."

साहेब मान डोलवत होते. पण डोलवत होते कवितेवर. तरुणपणी आपण किती बरं लिहीत होतो, याचं त्यांना भारी कौतुक वाटलं. समुद्र, तारे आणि दगड ही अतिशयोक्ती, सबब माफ. चौथी ओळ यमकापोटी. (हाकेने दिवे का विझावेत, हे तिने तेव्हाच विचारलं होतं.) सहावीची मुदत शिल्लक, कारण सूर्य अजून गरम आहे. राहता राहिली पाचवी. तिच्यात ना उपमा, ना उत्प्रेक्षा. ओळ आपली सरळ उभी होती आणि साहेबांच्या हाताला काही लागत नव्हतं. अखेर तिसऱ्या मिनिटाला त्यांचा चेहरा उजळला.

"थांब, थांब. सापडलं," ते म्हणाले, आणि लिहिलं: 'कोणाही व्यक्तीचं बोलणं संपेपर्यंत ऐकणं हे मानवी क्षमतेपलीकडचं असल्याने सदर ओळ अतिशयोक्ती या सदरात मोडते. पाळण्याचं बंधन नाही. तक्रार निकाली.'

टाइप करणाऱ्या बाई फॉर्म चाळत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, खाली तपशिलाचा रकाना आहे, तो एकदा..."

"बाई, आपण कवितेचं वर्गीकरण करतो. तपशिलाचं नाही."

बायकोने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मला तारे नको होते हो. समुद्र घेऊन मी काय करणार होते? एवढी एकच ओळ मी खरी धरली होती."

"तिथेच तर वाचक फसतो," साहेब मायेने म्हणाले. त्यांना खरंच तिची कीव आली होती.

तिने निकालाच्या प्रतीवर सही केली आणि ती गेली. घड्याळात वर चार मिनिटांची वाळू बाकी होती. साहेबांनी ते आडवं करून ठेवलं आणि पंधरा नंबर पुकारला.

शुक्रवारी तिने दुकानात होकार कळवला. रविवारी सकाळच्या बसने ती गेली. जाताना तिने गॅसचा नंबर, दूधवाल्याची वेळ आणि नवा पत्ता सांगितला. साहेबांनी त्यातला गॅस ऐकला.

सोमवारी फाइल बंद करायची म्हणून त्यांनी तपशिलाचा रकाना वाचला. नाइलाजाने वाचला, कारण त्याखाली त्यांचीच सही लागत होती. शाखेचं, पगाराचं, भाड्याच्या दोन खोल्यांचं सगळं तिने नीट लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं: 'तुम्हीही बदली मागून सोबत आलात तर मला फार बरं वाटेल, एवढंच विचारायचं होतं.'

साहेबांनी ते चार वेळा वाचलं. त्यांना वाईट वाटलं. कशासारखं, किती, जणू काय, यातलं काही त्यांना सुचेना. नुसतं वाईट वाटलं.

त्यांनी फोन लावला. "बोला," ती म्हणाली, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मध्ये एक अक्षर बोलली नाही. ते चाळीस सेकंदांत संपलं. मग त्यांनी विचारलं, "करमतं का तिथे?"

"करमतं की. दिवसभर माणसं समोर बसतात. ही काच बरी की ही, विचारलं की सांगतात. मी ऐकते, आणि त्यांना दिसायला लागतं."

"आणि मी आलो तर?"

"अर्ज करा," ती म्हणाली. "मला सवड झाली की वाचते. सगळा वाचते, काळजी करू नका."

त्या अर्जाचा अजून निकाल लागलेला नाही. मात्र या प्रकरणापासून धडा घेऊन कार्यालयाने एक परिपत्रक काढलं आहे. समुद्र, तारे आणि सूर्य यांनी आजवर कोणाचा संसार मोडल्याची नोंद नाही; जे काही होतं ते साध्या वाक्यांनी होतं, सबब यापुढे साधी वाक्यंही तपासली जातील. 'पोचलोच पाच मिनिटांत', 'रविवारी निवांत बसू', 'तू सांग, मी ऐकतोय' ही वाक्यं पहिल्या टप्प्यात घेतली आहेत.

नागरिकांनी सहकार्य करावं. उदाहरणार्थ, आपण हे वाचत असताना मघाशी घरातलं कोणीतरी आपल्याला काहीतरी सांगत होतं, आणि आपण मान वर न करता 'हं' म्हणालात. तो 'हं' कोणत्या अलंकारात घालायचा ते कार्यालयाला सवडीने कळवा. सांगणारं माणूस अजून तिथेच उभं आहे का, ते मात्र आधी बघा.