एक नंबरचा बिल्ला

नलूताईकडून नारळ खवायला आडाळी आणायची, तर आधी तिच्या भिंतीवर आपला बिल्ला टांगावा लागतो. पत्र्याचा गोल बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. वाडीतल्या प्रत्येक घराचा एक. आमचा सात. वस्तू परत दिली की बिल्ला परत. सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही छत्री नेताना तिने सोडलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना तात्पुरता पुठ्ठ्याचा मिळाला.

नलूताई पंधरा वर्षं हवाई दलात विमानांच्या इंजिनांवर होती. लग्न केलं नाही. आईचं दुखणं काढायला मालवणला आली, आई गेली आणि ती राहिली. तिच्या पडवीत भिंतीला एक मोठी फळी आहे. पाने, पकडी, करवत, आडाळी, डाव, सगळं खिळ्यांवर आणि प्रत्येकामागे पिवळ्या रंगात त्याचा आकार काढलेला. काय नाही ते लांबूनच दिसतं. मिक्सरपासून होडीच्या इंजिनापर्यंत ती काहीही दुरुस्त करते, पण हत्यारं मोजून झाल्याशिवाय बटण दाबू देत नाही.

मी शाळेत शिकवते, आमचे हे मासेमारी करतात. गेल्या मोसमात होडीचं इंजिन बिघडलं. नलूताईने किनाऱ्यावर बसून ते नीट केलं. बांगडा लागला होता, बाकीच्या होड्या केव्हाच गेल्या होत्या. ह्यांनी होडीला हात घातला, तेवढ्यात ती म्हणाली, "दहा नंबरचो पानो खंय?"

"नवो हाडून देतंय मगे," हे म्हणाले.

"नवो कित्याक? गेलो खंय ता सांग. पानो गावल्याशिवाय होडी पाण्यात जावची नाय."

आणि ती खरंच होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसली. तास दीड तास आम्ही वाळू चाळली. मी घरून पिठाची चाळण आणली. हे मनातल्या मनात तिला काय काय म्हणत होते ते त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं. शेवटी तिने इंजिनाचं झाकण पुन्हा उघडायला लावलं. पाना आत, पट्ट्याला टेकून. मघाशी मदत करायच्या हौसेने ह्यांनीच ठेवलेला. भर समुद्रात पट्टा तुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करत नाही. तिचे उपकार मात्र रोज आठवतात.

त्यानंतर तिच्या फळीवर एक आकार वाढला. होडीचा. हे निघाले की सात नंबर त्यावर लागतो. इंजिनाच्या आवाजावरून ती आमची होडी ओळखते आणि मगच बिल्ला काढून जेवायला बसते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "जा भायर जाता, ता परत येवक व्हया."

गेल्या महिन्यात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, कणकवलीला. निघायच्या सकाळी ती पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मुठीतून एक बिल्ला काढला. नंबर एक. ती गावात आल्यापासून तो कुठल्याच खिळ्यावर लागलेला मी पाहिला नव्हता.

"हो माझो. खंय टांगू?"

आमच्या भिंतीला खिळा नव्हता. हातोडा तिच्या घरात आणि घराला कुलूप. ह्यांनी माझा वरवंटा घेतला आणि दोन घावांत खिळा ठोकला. वाकडा. तिने तो पाहिला आणि सरळ करायला न लावता त्यावर बिल्ला टांगला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती घाबरली आहे.

आठ दिवस आम्ही येता-जाता भिंतीकडे बघत होतो. माझं पोळ्यांकडे लक्ष नव्हतं. ह्यांनी चक्क दोनदा बिल्ला पुसला.

नवव्या दिवशी ती आली. वाळलेली, पण चालत. आधी आमच्याकडे. हात वर करून स्वतःच बिल्ला काढला, पदराने पुसला, मुठीत धरला. पायरी उतरली आणि मागे वळली.

"खिळो काढू नकात हां," ती म्हणाली.